गंगरेल पिकनिक पाहण्याची परवानगी

रायपूर येथील राज्य कुंपण व सीमादगड महामंडळाच्या कार्यालयात कोणीही कोणतीही फाइल उघडून पाहू शकतो, ही गंभीर बाब गेल्या ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी साहेबांच्या निदर्शनास आली. महामंडळ स्थापन होऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. साऱ्या राज्याला कुंपण घालणाऱ्यांच्या स्वतःच्या संगणकात मात्र एकही कुंपण नसावं, याचं आपल्याला अतोनात दुःख झाल्याचं साहेबांनी परिपत्रकात नमूद केलं. गंगरेल धरणावरच्या सहलीत डोक्याला गमछा बांधून टेबलावर नाचतानाचा त्यांचा फोटो त्याच सकाळी भांडार शाखेत मोठा करून पाहिला जात होता, हे त्यांनी नमूद केलं नाही.

आमच्या सगळ्या संगणकांतून एकच सामाईक कपाट उघडत असे. त्यातले फोल्डर म्हणजे कप्पे. ज्याच्या हाताला जो कप्पा लागला, त्यात त्याने कागद ठेवला. बस्तरच्या सीमादगडांची यादी 'नवरात्र रांगोळी'त होती. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आलेले लोखंडी खांबांचे नकाशे 'जुना प्रिंटर'मध्ये होते. कंत्राटी कर्मचाऱ्यांची अनुभव प्रमाणपत्रं 'गंगरेल पिकनिक'मध्ये होती, कारण पहिलं प्रमाणपत्र स्कॅन झालं त्या दिवशी तो कप्पा उघडा होता, आणि मग बाकीची त्याच्या सोबतीला ठेवली गेली. कुठे काय आहे हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्यालाच परिपत्रकात 'व्यवस्थेचा पूर्ण अभाव' म्हटलं होतं.

व्यवस्था आणायला यशदीप आला. मुलगा चांगला, पदवी मोठी. घरचे मूळचे भंडाऱ्याकडचे, त्यामुळे मराठी सगळी समजायची. उत्तर मात्र हिंदीत. त्याने आठ दिवसांत अकरा कप्पे आणि त्यांच्या पोटात चौसष्ट पोटकप्पे केले. कागदांची वाटणी त्याने नाव पाहून केली, आत उघडून पाहिलं नाही. उघडायची त्याला परवानगी नव्हती.

मग अधिकारांची यादी लागली. अधिकार तीन प्रकारचे: फक्त पाहणे, बदल करणे, आणि पूर्ण. भांडार शाखेच्या वरिष्ठांना 'फक्त पाहणे' मिळालं आणि त्यांच्या हाताखालच्या रीनाला 'बदल करणे'. काम रीनाच करायची, तेव्हा चूक काहीच नव्हती. पण वरिष्ठांनी दोन दिवस डबा उघडला नाही.

"घरी बायको विचारते, हापिसात काय करून राहिले आजकाल? तिले काय सांगू? फक्त पाहून राहिलो?"

हे पटण्यासारखं होतं. बुधवारी त्यांना पूर्ण अधिकार मिळाला. तो पाहून गुरुवारी बाकीच्यांना मिळाला. शुक्रवारी एक्केचाळीस जणांकडे पूर्ण अधिकार होता, म्हणजे त्या पहिल्या सोमवारी होतं तेच. साहेबांनी मग सगळ्यांची ज्येष्ठता राखणारा एकच मार्ग काढला. कोणालाच काही नाही. ज्याला जे पाहायचं असेल, त्याने अर्ज करावा. मंजूर अर्ज संध्याकाळी साडेपाचपर्यंत वैध. अर्जाचा नमुना सामाईक कपाटातच ठेवलेला होता, पण ती अडचण एवढी उघड होती की तिच्याबद्दल बोलायला कोणाला सुचलं नाही.

तरी काम एक दिवसही थांबलं नाही. त्याचं श्रेय श्यामरावांना.

श्यामराव हे आमचे अभिलेखपाल. जूनमध्ये निवृत्त झाले. संगणकातलं त्यांचं खातं मात्र झालं नाही, आणि अख्ख्या सामाईक कपाटाची मालकी त्याच खात्यावर होती. ते बंद करायला गेलं की संगणक विचारायचा, यांच्या मालकीचे सगळे कागद कोणाच्या नावे करू? एकाचं नाव घातलं की चाळीस जण डबा उघडणार नाहीत, म्हणून यशदीपने ती खिडकी दर वेळी हळूच मिटून टाकली. श्यामरावांनी निरोपसमारंभाच्या भाषणात आपला पासवर्ड सगळ्यांना जाहीर सांगितला होता. डोळे पुसत म्हणाले होते, "माझ्यापाशी द्यायले दुसरं काय आहे?" तो कोणीतरी चिठ्ठीवर लिहून पाण्याच्या कूलरवर चिकटवला. परिपत्रक निघाल्यापासून सारं कार्यालय सकाळी पाणी प्यायला जायचं आणि श्यामराव होऊन परत यायचं. यशदीपसुद्धा.

मी आस्थापना शाखेत आहे. रोज सकाळी घरी पंचशील घेऊन मी निघते. त्यात एक वाक्य आहे, न दिलेलं घेणार नाही. फार मोठं व्रत नाही. मी फक्त पाणी घरून आणायला लागले.

मंगळवारी आमच्याकडे चहा आणि साफसफाई पाहणाऱ्या कलावती मावशी माझ्या टेबलाशी आल्या. त्यांची मुलगी दीपमाला तीन वर्षं आमच्याच कार्यालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होती. दुसऱ्या खात्यात कायम जागेसाठी तिची निवड झाली होती. शुक्रवारी अकरा वाजता कागदपत्रांची पडताळणी. अनुभव प्रमाणपत्राची मूळ प्रत ट्रंकेत वाळवीने खाल्ली होती.

"पिकनिकमध्ये आहे न तिचा कागद?" मावशी म्हणाल्या. "मले नाई वाचता येत, पण कुठी ठेवलाय ते माईत आहे. मीच तर तवा पुसून राहिली होती टेबल."

कागद काढायला दोन मिनिटं लागली असती. कोणीही काढून दिला असता. पण सत्यप्रतीवर सही आस्थापनेची, म्हणजे माझी, आणि सहीच्या वर छापलेलं वाक्य असं: 'मूळ अभिलेख मी माझ्या अधिकृत प्रवेशाने स्वतः पाहिला आहे.'

मी अर्ज केला. नमुना यशदीपने छापून दिला. कोणाच्या नावाने काढला, ते मी विचारलं नाही.

पहिला अर्ज दुपारी परत आला. पिकनिक हा विषय मनोरंजन या वर्गात मोडतो, सबब कार्यालयीन वेळेत पाहण्याचं कारण द्यावं. मी कारण दिलं. दुसरा परत आला: अनुभव प्रमाणपत्र हे मनोरंजन नाही, सबब ते मनोरंजन वर्गात असू शकत नाही, सबब पाहण्यासारखं तिथे काही नाही. मी लिहिलं, ते तिथे आहे. तिसरा परत आला: पाहिल्याशिवाय आपणास कसे कळले? बुधवारी चौथा आणि पाचवा. गुरुवारी सकाळी सहाव्यावर स्पष्ट शेरा मिळाला, की मनोरंजन वर्गाला मंजुरी फक्त सहल समितीचे अध्यक्ष देऊ शकतात, आणि ते पद जूनपासून रिक्त आहे. मी सातवा अर्ज केला, की रिक्त पद भरावं. त्याला पोच मिळाली.

यशदीप माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. "दीदी, आप बेकार में परेशान हो रहे हो. चिट लगी है ना कूलर पर."

"अरे, ती श्यामरावांची आहे."

"सबकी है, दीदी. मेरी भी."

"नऊ वाजता म्हणायचं न दिलेलं घेणार नाही, अन् अकरा वाजता कूलरपाशी जायचं? दोनच तास टिकते का रे व्रत?"

त्याने घड्याळ पाहिलं. "ग्यारह बजे मत जाओ. लंच के बाद जाओ."

कलावती मावशी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. हातात कपांचा ट्रे. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, तुमचं शील राहीन. माझ्या पोट्टीची नोकरी जाईन."

त्या दिवशी तो चहा मला गेला नाही.

साडेपाचला मी पुरानी बस्तीत गेले. श्यामराव अंगणात तुळशीला पाणी घालत होते. त्यांच्या पत्नी सुशीलाकाकूंनी पोहे पुढे केले. मी सगळं सांगितलं. श्यामरावांनी झारी खाली ठेवली.

"म्हणजे मी अजून हापिसात आहो?"

"हो. सहल समितीचे अध्यक्षही तुम्हीच. तुमच्या जागी कोणाला घेतलंच नाही."

"पाह्य व सुशीला," ते आत ओरडले, "तू म्हणते दिवसभर घरीच पडले राह्यता! मी तिकडं काम करून राहिलो!"

"हव," आतून आवाज आला, "तरीच घरचं एक काम होत नाही."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला श्यामराव निरोपाला मिळालेला सफारी घालून फाटकाशी हजर झाले. पहारेकऱ्याने अभ्यागत पास मागितला. कोणाला भेटायचं आहे? आत श्यामराव नावाचे गृहस्थ आहेत, त्यांना, असं श्यामरावांनी खरं तेच सांगितलं. पहारेकऱ्याने आत फोन केला. श्यामराव जागेवर आहेत का? भांडार शाखेतून उत्तर आलं, आहेत, कालपासून चालूच आहेत. पास मिळाला. तेव्हा दहा वाजायला पाच मिनिटं होती.

ते माझ्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला, नाव टंकलं आणि थांबले.

"पासवर्ड काय होता व बाई?"

भाषणात ऐकलेला मला आठवत नव्हता. कूलरवरच्या चिठ्ठीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. कार्यालयात ज्याला त्याला एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रस वाटू लागला. माहीत आहे म्हणावं तर नियमभंग. दाराशी कलावती मावशी पदराचं टोक चावत उभ्या होत्या. भिंतीवर दहा वाजून सात मिनिटं.

रीनाला राहवलं नाही. "सुशीला," ती पुटपुटली.

"सुशीला ॲट," भांडार शाखेचे वरिष्ठ म्हणाले.

आणि मग चाळीस गळ्यांतून एकदम निघालं, "सुशीला ॲट एक दोन तीन!"

आवाज साहेबांच्या केबिनमधूनही आला होता.

श्यामरावांचे कान लाल झाले. "अरे, काकू तरी म्हणा रे!"

कपाट उघडलं. यशदीपने कुठे दाबायचं ते दाखवलं, श्यामरावांनी एका बोटाने माझं नाव शोधून 'गंगरेल पिकनिक'च्या यादीत घातलं आणि खुर्चीवरून उठले. "घे बाई. मी, सहल समितीचा अध्यक्ष, देऊन राहिलो." मी बसले. साहेबांच्या नाचाच्या खाली, वांगी भाजतानाच्या तीन फोटोंनंतर दीपमालाचं प्रमाणपत्र होतं. मी ते माझ्या अधिकृत प्रवेशाने स्वतः पाहिलं. छापलं, सही केली, शिक्का मारला. मावशी कागद घेऊन धावल्या तेव्हा ट्रे माझ्याच टेबलावर राहिला. अकराला चार मिनिटं कमी असताना दीपमालाचा फोन आला, जमा झालं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण महिनाअखेरीस संगणकाने कोणी काय उघडलं याचा अहवाल काढला.

अहवालानुसार श्री. श्यामराव यांनी एका महिन्यात चार हजार तीनशे बारा फाइली हाताळल्या होत्या. ते एकाच वेळी सर्व शाखांत काम करत होते. रविवारी हजर होते. साहेबांच्या केबिनमधूनही त्यांनी काम केलं होतं, तेही साहेब बसलेले असताना. अशा कर्मचाऱ्याला महामंडळ मुकू शकत नाही, असा ठराव होऊन त्यांना सल्लागार म्हणून परत बोलावण्यात आलं. ते आता रोज येतात. काही करत नाहीत, कारण त्यांचं काम सगळे करतात.

उरलेल्या चाळीस जणांच्या नावे एकही नियमभंग आढळला नाही. त्यांनी परवानगी मागितली नाही, त्यामुळे ती नाकारण्याची वेळ आली नाही. शिस्तीबद्दल त्यांचं लेखी अभिनंदन झालं.

श्यामरावांखेरीज अहवालात फक्त एक नाव होतं. माझं. तीन दिवसांत एकाच फोल्डरसाठी सात अर्ज, आणि शेवटी प्रत्यक्ष प्रवेश. ही हालचाल संशयास्पद असल्याने खुलासा मागवण्यात आला.

खोटं बोलणार नाही, हेही मी रोज म्हणते. खरं लिहावं तर चाळीस घरांतले डबे बंद. रात्रीचं जेवण होण्याआधीच मी खुलासा लिहून टाकला: 'मी परवानगी मागितली हे खरे आहे. यापुढे मागणार नाही.' साहेबांनी त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारला. आता मी न दिलेलं घेत नाही आणि मागतही नाही. त्यामुळे मला काम उरलेलं नाही. गोपनीय अहवालात मला यंदा प्रथमच 'अत्युत्तम' मिळालं.

दीपमाला नव्या कार्यालयात रुजू झाली. पहिल्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला. कोणा निवृत्त साहेबांचं नाव आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी वरिष्ठांनी तिच्या हातात दिली होती.

"ताई, यांनी तर दिलंच आहे. म्हणजे चालते न?"

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. अवघड प्रश्न आहे. तुम्ही इथवर आमच्या महामंडळाला मोकळेपणाने हसला आहात, तेव्हा तुम्हीच सांगा. घाई नाही. आधी हातातल्या या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव लिहिलंय, आणि त्याने ते तुम्हाला दिलं होतं का, तेवढं पाहून घ्या.