आवक-जावक बकेट

जिची नोंद नाही ती गोष्ट घडलेलीच नाही, या तत्त्वावर जगातली सगळी सुव्यवस्थित कार्यालयं उभी आहेत. (अव्यवस्थित कार्यालयांत गोष्टी नोंदीशिवायही घडतात, म्हणून तर त्यांना कुणी मान देत नाही.)

लष्कर नावाच्या जुन्या संस्थानी पेठेत, टोपी बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवरचं 'तत्पर तक्रार केंद्र' हे पहिल्या प्रकारातलं. एका कूलर कंपनीच्या तक्रारी इथे फोनवर घेऊन मेकॅनिककडे धाडल्या जातात. मालक तात्यासाहेबांचे पूर्वज दरबारचं दफ्तर सांभाळत. दरबार गेला, दफ्तर गेलं, सांभाळणं तेवढं घराण्यात उरलं.

ऐन मे महिन्यात दाना ओली या गल्लीतल्या रघुनाथरावांचा कूलर बंद पडला आणि चार दिवस तो कुणी दुरुस्त केला नाही. त्यांनी केंद्रात येऊन जो आवाज चढवला, त्यावरून सिद्ध झालं की फोनवर बसणाऱ्या शालिनीताईंनी तक्रार पुढे पाठवलीच नाही. चौदा वर्षांतली ही त्यांची पहिली चूक, म्हणून ती अक्षम्य ठरली. शनिवारी पाचपर्यंत पुरावा मिळाला नाही तर ताईंना घरी बसवायचं, असा हुकूम निघाला.

पुरावा शोधायचं काम सुश्रुतवर आलं. केंद्रातला संगणक जाणणारा तो एकटाच, आणि रोज ताईंच्या डब्यातली अर्धी भाकरी खाणाराही तोच. त्याने त्याच दिवशी शोध सुरू केला.

संगणक दिवसभरात काय काय केलं याची रोजनिशी लिहितो. तिला लॉग म्हणतात. सगळे लॉग गोळा करून इंटरनेटवरच्या भाड्याच्या कोठारात टाकतात. त्याला बकेट म्हणतात. ही बकेट मार्चमध्ये सुश्रुतनेच बसवली होती. तीस दिवसांनी जुने लॉग आपोआप पुसले जावेत, असं त्याने सुचवलं होतं.

"पुसायचे?" तात्यासाहेब म्हणाले होते, "अरे भई, आमच्या खानदानात आजवर एक चिठोरं फेकलेलं नाही! आणि आवक-जावक कुठाय?"

बकेटमध्ये काय आलं, काय गेलं याचीही नोंद होऊ शकते, असं सुश्रुतने सांगितलं. पण ती वेगळ्या बकेटमध्ये ठेवावी लागेल.

"वेगळी कशाला? त्यातच टाक. दफ्तराचं रजिस्टर दफ्तरातच राहतं."

सुश्रुतने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मालकाला नाही म्हणायची सोय कुठल्याच सेटिंगमध्ये सापडली नाही. तेव्हापासून नोंद आत आली की ती आल्याची नोंद होई, ती नोंद आत आली की तीही आल्याची नोंद होई, आणि केंद्र रविवारीसुद्धा अखंड कार्यरत राही. शुक्रवारची आकडेवारी अशी: शंभरातल्या नव्व्याण्णव नोंदी 'नोंद मिळाली' अशा, उरलेली एक माणसांची. (माणसांच्या नोंदींतही निम्मे राँग नंबर.)

शनिवारी सकाळी शोध एकतीस टक्के झाला. दुपारी तो एकोणतीस टक्के झाला, कारण शोधासाठी उघडलेल्या प्रत्येक लॉगचीही नोंद होत होती. साडेचारला बाविसावर आला. तात्यासाहेबांनी ताईंना कामावरून काढल्याच्या पत्रावर सही केली आणि ताई डबा पिशवीत भरू लागल्या.

सुश्रुतला राहवलं नाही. "ताई, माफ करा. तुमची नोंद काही मिळत नाहीये."

"कसली नोंद रे?"

"रघुनाथरावांची शिकायत तुम्ही पुढे पाठवल्याची."

"पाठवली होती ना त्याच दिवशी! विक्रमसिंह मेकॅनिक गेला पण होता, घराला ताला लागला होता. ते सगळे शादीत गेले होते चार दिवस. फोन लावून विचार त्याला."

फोन लावला. विक्रमसिंह हो म्हणाला. एकूण वेळ, चाळीस सेकंद.

"मग आठवडाभर बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, मशीनमध्ये काही मोठं चाललंय."

पत्र रद्द झालं. ताईंपासून चार हातांवर बसून आठवडाभर कोठार उपसणाऱ्या सुश्रुतची मान खाली गेली. वाचकांनी मात्र त्याला हसण्याची घाई करू नये. आपणही इथवर टक्केच मोजत आलात. ताईंना एकदा विचारून तर पाहा, असं आपल्यालाही सुचल्याची नोंद कुठे नाही.