तिसरा कप्पा, उजवीकडून पाचवे

माकडाने गच्चीवरून श्रीधरराव पांढरीपांड्यांचा मोबाईल उचलला, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसून तो दोनदा चाटला आणि चव न आवडल्यामुळे खाली फरशीवर सोडून दिला. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस लागतील म्हणून सांगितले. श्रीधरराव विमा कंपनीतले अधिकारी, दीड वर्षापूर्वी नागपूरहून जयपूरला बदलून आलेले. संध्याकाळी घरी आले की जेवणाची हाक येईपर्यंत मोबाईलवर बोट सरकवत बसायचे. आता ते बोट नुसतेच सोफ्याच्या हातावर सरकू लागले.

"रविवारी मंडळाचं वाचनालय उघडं राहते," बायको विनया म्हणाली. "एखादं पुस्तक तरी आणा. कॉलेजात तर म्हणे तुम्ही जेवतानाही वाचत होते."

वाचनालय म्हणजे मराठी मंडळाच्या हॉलमागची एक अंधारी खोली आणि भिंतभर पाच कप्प्यांची लाकडी मांडणी. प्रज्ञाताई नावाच्या प्राध्यापिका रविवारी दोन तास तिथे बसत. "हवं ते घ्या," त्या म्हणाल्या. "इथली पुस्तकं कित्येक वर्षं जागची हललेली नाहीत." काय घ्यावे ते श्रीधररावांना समजेना. तीस वर्षांत सवयच गेली होती. शेवटी हाताशी आलेली एक रहस्यकथा त्यांनी घेतली.

ती त्यांनी मंगळवारीच संपवली. इतक्या वर्षांनी आपल्याला एका बैठकीत ऐंशी पाने वाचता आली, याचे त्यांना स्वतःलाच कौतुक वाटले. शेवटचे पान उलटले तर आत पेन्सिलीने, सुरेख गोल अक्षरात लिहिले होते : 'आवडले ना? आता तिसरा कप्पा, उजवीकडून पाचवे.'

पुढच्या रविवारी त्यांनी गंमत म्हणून तिसऱ्या कप्प्यात उजवीकडून पाचवे पुस्तक काढले. प्रवासवर्णन निघाले. एरवी त्यांनी त्याला हातही लावला नसता, पण पुस्तकाने इतके धरून ठेवले की त्यांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवला. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या, चष्मा न लावताच, उशीखालचे पुस्तक डोळ्यांशी धरून शेवटचे पान उलटले. 'पुस्तक उशीखाली ठेवून झोपू नये. चष्माही तिथेच असतो.' त्यांनी उशीखाली हात घातला. चष्म्याची एक काडी हातात आली.

तेव्हा ते हसले आणि खाली दिलेल्या कप्प्यातले पुढचे पुस्तक त्यांनी आणले. चौथ्या पुस्तकापासून मात्र हसू आटले. त्याच्या शेवटच्या पानावर एवढेच होते : 'दोनदा हाक मारून झाली आहे. उठा.'

स्वयंपाकघरातून विनयाचा आवाज आला, "अहो, तिसऱ्यांदा आवाज देऊन राहिली मी."

श्रीधरराव उठले, जेवले, पण आमटीत मीठ नव्हते हे त्यांच्या लक्षात आले नाही. रविवारी त्यांनी प्रज्ञाताईंना पान दाखवले. "हे अक्षर कोणाचं?"

"प्रभावतीबाईंचं. माझ्या आधी वाचनालय त्याच बघायच्या." ताईंनी पुस्तक मिटून जागेवर ठेवले. "त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली."

खोलीतला पंखा फिरत होता, तरी श्रीधररावांच्या मानेवर घाम आला. हे प्रकरण इथेच तोडायचे असे त्यांनी ठरवले. पण रिकाम्या हाताने घरी जाणेही आता जमेना. रात्री चार पाने वाचल्याशिवाय झोप येत नव्हती. तेव्हा त्यांनी कप्पे मोजणे सोडून अगदी वरच्या टोकाचे, सगळ्यात बारीक पुस्तक ओढून काढले. रस्त्यातच ई-रिक्षात बसून शेवटचे पान उघडले.

'शोधून शोधून सगळ्यात बारीक घेतलेत ना? लबाडी पुरे. दुसरा कप्पा, डावीकडून नववे.'

"रोको भैया," श्रीधरराव म्हणाले, आणि मध्येच उतरून घरापर्यंत चालत गेले.

त्यानंतर त्यांनी बाईंशी वाद घातला नाही. दुसरा कप्पा, पाचवा, पुन्हा तिसरा. आत्मचरित्रे वाचली, शिकारकथा वाचल्या, एक तर मधमाश्यांवरचे पुस्तक वाचले. भीती वाटायची आणि पुढचे पुस्तकही हवे असायचे. मोबाईल केव्हाच दुरुस्त होऊन आला होता. तो बहुतेक वेळ बंदच पडलेला असे. तेविसाव्या पुस्तकाच्या शेवटी पेन्सिल जरा दाबून चाललेली दिसली : 'शेवटचे पुस्तक इथे नाही. घरी आहे. घरी या, वाट बघते.' खाली पत्ता होता. आदर्श नगरातलाच, त्यांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे.

कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी सलोनी म्हणाली, "पप्पा, मतलब त्या आंटी डेड आहेत आणि तुम्हाला घरी बोलावतात? लोकेशन शेअर करून ठेवा."

विनयाने त्यांच्या खिशात एक लिंबू ठेवले.

भर दुपारी बाराला श्रीधरराव त्या दारात उभे राहिले. गल्लीत चिटपाखरू नव्हते. बेल वाजवायला हात उचलला तर दार उघडेच होते. आत गारठा, वाळ्याचा वास आणि अंधार. अंधारातून खोल आवाज आला, "आ गए? कब से राह देख रहा हूँ."

श्रीधररावांनी खिशातले लिंबू घट्ट धरले. "कोण... कोणाची?"

"मराठी का तुम्ही? बरं झालं. कूलर आतल्या खोलीत आहे. पाणी चढत नाही त्यात."

आरामखुर्चीत ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. ते प्रभावतीबाईंचे यजमान, सदाशिवराव. आपण कूलर दुरुस्त करायला आलो नाही हे समजावण्यात पाच मिनिटे गेली. मग श्रीधररावांनी सगळे सांगितले. चष्मा, हाक, बारीक पुस्तक, पत्ता.



"ते माझ्यासाठी होतं," सदाशिवराव म्हणाले. "रिटायर झालो आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागलो. ती म्हणाली, मी पुस्तकांची वाट आखून देते, तुम्ही फक्त चालत या. चष्मे मीच मोडायचो, हाकाही मलाच ऐकू यायच्या नाहीत. दोन पुस्तकं वाचली आणि ठोकून दिलं की सगळी वाचली, छान आहेत." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "तिने पुढे एका अक्षराने विचारलं नाही."

"तेवीस आहेत," श्रीधरराव हळूच म्हणाले. "खरंच छान आहेत."

"मग चोविसावं बघा. त्या कपाटात तिच्या साड्यांखाली काहीतरी बांधून ठेवलंय. मी कधी सोडलं नाही."

बगरू या जवळच्या गावच्या छापील कापडाची गाठ श्रीधररावांनी सोडली. आत जाडसर कादंबरी होती. या वेळी मजकूर पहिल्याच पानावर होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला :

'हे तुम्ही स्वतः उघडले असेल, तर मी चुकले आणि मला आनंद आहे. पण बहुधा दुसरेच कोणी उघडत असेल. तुम्ही जे कोणी आहात त्यांना सांगते : ह्यांना वाचायचा कंटाळा आहे, ऐकायचा नाही. रोज एक प्रकरण पुरे. आवाज मोठा ठेवा आणि उजव्या कानाशी बसा.'

कूलर घरघरत बंद पडला.

"उजव्या?" सदाशिवरावांनी विचारले. "काय म्हणाली, उजव्या?"

"हो. असंच लिहिलंय."

"ती होती तेव्हा माझे दोन्ही कान ठणठणीत होते," सदाशिवराव म्हणाले. "डावा गेला त्याला आत्ता चार वर्षं झाली."

दोघेही कपाटाकडे बघत राहिले. मग श्रीधररावांनी स्टूल उचलले, आरामखुर्चीच्या उजव्या बाजूला आणून ठेवले आणि पहिले प्रकरण काढले.