उपरण्याखालचं पोर्तुगाल

आप्पांना नोट विकत घ्यायची असली की ते आधी माझा हात मागतात.

तलवाड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. आधार, सातबारा, पीकविमा, असली रटाळ कामं. लोक येतात, अंगठा देतात, सर्व्हरला शिव्या घालतात आणि जातात. आप्पा मात्र खांद्यावरचं उपरणं काढतच पायरी चढतात. दुकानात काळं कुत्रंही नसतं, तरी ते उपरणं माझ्या हातावर टाकतात, त्याखाली आपला हात घालतात आणि माझी बोटं दाबतात. दाबलेल्या बोटांवरून भाव ओळखायचा आणि तो मी पुण्याच्या जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याला मोबाइलवरून कळवायचा. आप्पा, तोंडानं सांगा की, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना चारचौघांत धोतर फेडायला सांगितलं होतं.

त्यांचं सगळं आयुष्य गुरांच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात गेलं. तिथे भाव असाच ठरतो, कापडाखाली, बोटांनी. सौदा पटला नाही तर कुणी नाही म्हणत नाही. आपला हात काढून घेतो, की मोडला सौदा. हात आत आहे तोवर बोलणी चालू. आप्पांनी आधी हात कधीच काढला नाही, अशी त्यांची ख्याती होती. एकदा म्हणे दुपारी घातलेला हात ऊन कलल्यावर सुटला, आणि तोही समोरच्याला लघवीला जायचं होतं म्हणून.

आता बाजारात बैल येत नाहीत. आप्पा घेतात त्या पोर्तुगाल देशाच्या नोटा. त्याही आजच्या नव्हे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, ज्यांवर त्या देशातलं पोरगंसुद्धा आज गोळी देणार नाही. कुरियरचं पाकीट फुटलं की "दात बघू" म्हणत ते नोट उजेडाला धरतात. कडा चाचपतात, घडीवरून बोट फिरवतात. कोपरा गेलेली नोट म्हणजे कानतुटकी. फार वापरलेली म्हणजे थकलेलं जनावर. त्यांची सगळ्यांत लाडकी नोट राजाच्या काळात छापलेली आहे. पुढे राजा पळून गेला, तेव्हा तीच नोट ठेवून तिच्यावर प्रजासत्ताकाचा शिक्का मारला. आप्पांना त्यात काही नवल वाटत नाही. "धनी बदलला, वरून नवा डाग दिला," ते म्हणतात. "जनावर तेच."

गावानं त्यांना वेड्यात काढलं, हे सांगायला नको. माजी सरपंच एकदा दुकानात बसले होते. एवढ्या पैशात एक शेळी आली असती, असं त्यांनी सुनावलं. आप्पांनी शांतपणे विचारलं, "शेळी पोर्तुगालची आसती का?"

मी हसलो, पण मला मनातून बरं वाटलं नाही, कारण पोर्तुगाल कुठून आलं हे मला ठाऊक होतं.

आप्पांचा एकुलता एक मुलगा बाळू तिकडे आहे. एजंटामार्फत गेला, फळांच्या शेतात तोडणीला. सुरुवातीला माझ्याच दुकानातून व्हिडिओ कॉल व्हायचा. एकदा आप्पांनी त्याला तिकडचा पैसा दाखव म्हटलं. बाळूनं युरोची नोट कॅमेऱ्यासमोर धरली. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पूल. आप्पांनी नोट उलटी करायला लावली, पुन्हा सुलटी करायला लावली.

"कावून रे, एकबी मानूस न्हाई हेच्यावर?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला सांगितलं. पोरगं कसल्या ओसाड मुलखात जाऊन पडलंय, हेच त्यांच्या डोक्यात. बाळूला बहुधा ते कळलं. त्यानं तिथल्या जुन्या बाजारातून एक जुनाट नोट घेतली आणि गावाकडे येणाऱ्या एका मित्रासोबत पाठवली. तिच्यावर एक दाढीवाला होता, मागे जहाजं होती. आप्पांनी ती बराच वेळ पाहिली. "मानसं हायत म्हनायची तिथं," म्हणाले आणि मला चहा पाजला.

पुढे बाळूचे फोन विरळ झाले आणि आप्पांच्या नोटा वाढल्या. हे दोन्ही एकाच वेळी होत गेलं. नोटेवरची अक्षरं मी मोबाइलवर वाचून सांगायचो, ते लक्षात ठेवायचे. कोणता दर्यावर्दी कुठे गेला, लिस्बनची नदी कोणती, सगळं पाठ. काकू वारल्या तेव्हा बाळूचे तिकडे राहायचे कागद अडकलेले होते, त्याला येता आलं नाही. दहावं झाल्यावर आप्पा दुकानात आले ते उपरणं काढतच. त्या दिवशी त्यांनी नेमकी किती बोटं दाबली ते मला कळलं नाही. मी आपला अंदाजानं आकडा टाकला.

या उन्हाळ्यात कागद झाले आणि बाळू थोड्या दिवसांसाठी आला. आप्पांनी लग्नाचा अल्बम काढावा तसा नोटांचा अल्बम काढला. मीही होतो. ते एकेक पान उलटत बाळूला त्याचाच देश समजावून सांगत होते. हा पूल बघितला का, ह्या गड्याचा पुतळा बघितला का. बाळू मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "आप्पा, म्या तिथं ह्यातलं कायबी बघितलं न्हाई. प्लास्टिकखालची शेती आन् पत्र्याची खोली, एवढंच ठाव हाय मला."

आप्पांनी अल्बम मिटला. मला फार वाईट वाटलं. एवढा देश त्यांनी नोट-नोट करून गोळा केला होता, आणि त्यात त्यांचा मुलगा कुठेच राहत नव्हता.

त्याला पुण्याच्या बसमध्ये बसवायला आम्ही गेवराईच्या स्टँडवर गेलो. बॅग वर चढवून झाली, बस सुटायला अवकाश होता. बापलेक बाकावर बसले. तब्येतीला जपा, पोचल्यावर फोन कर, हे सगळं दोनदा बोलून झालं होतं. मग आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि बाळूच्या हातावर टाकलं.

बाळू दचकला, पण लगेच समजला. लहानपणी तो त्यांच्यासोबत बाजारात जायचाच. आप्पांचं कोपर जरासं हललं. मग काहीच हललं नाही. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, कंडक्टर पुणे पुणे ओरडू लागला, तरी दोघे तसेच बसून होते, खाली मान घालून. कंडक्टरनं आमच्याकडे बघून बेल दिली. तेव्हा उपरणं बाजूला झालं. आप्पा म्हणाले, "जा. खिडकीकडं बस."

परतताना ते माझ्या मोटारसायकलवर मागे होते. कापडाखालचं विचारायचं नसतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही. बरंच अंतर गेल्यावर ते आपणहून बोलले.

"एक बोट दाबलं म्या. एका वर्सात ये म्हनलं."

"मग?"

"त्यानं कायच दाबलं न्हाई. पर हातबी काढला न्हाई."

रस्त्यात खड्डे होते. त्यांनी माझा खांदा धरला.

"गाडी चुकली आसती त्याची," आप्पा म्हणाले. "मंग मीच काढला."

मी मोटारसायकल हळू केली, एवढंच.