सुभेदार आप्पांचं फक्कीचं घर

सुभेदार आप्पा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिशातून टेप काढतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी टेपचं टोकच तिच्या हातात दिलं. मग आमच्या भिंतीपासून शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत मोजून, आकडा स्वतः वाचून, माझ्या घराचं मार्जिन वीतभर कमी असल्याचं जाहीर केलं. मी धंद्याने घरांचे नकाशे काढणारा माणूस. त्या दिवशी चहा मला काही गोड लागला नाही.

कराडजवळच्या आमच्या गावात लोक माझ्याकडे येतात तेच मुळी मार्जिन खायला. घर आणि हद्द यांच्यामध्ये नियमाने मोकळी सोडायची जागा, तिच्यात कुणाला जिना हवा, कुणाला मोरी. ‘कोण बघायला येतंय, साहेब’ हे वर. आप्पांचं सगळंच उलटं. समोर तीन मीटर, बाजूंना दीड, हे त्यांना आरतीसारखं पाठ. फौजेत पूल बांधलेला माणूस, वाद घालायचाच नाही. कुणी आवाज चढवला की शांतपणे म्हणायचे, "टेप बोलंल."

त्यांच्या नव्या घराचा मी काढलेला नकाशा मंजूर व्हायच्या आधीच त्यांनी प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने घर आखलं आणि दिवसभर तिथे राहायलाही लागले. हॉलच्या जागी खुर्ची टाकून पेपर वाचायचे. मी एकदा बाजूने आत शिरलो तर म्हणाले, "ती स्वयंपाकघराची भिंत हाय. दारातनं या." मी मुकाट्याने वळसा घालून दारातून आलो. त्यांची बायको, आमच्या काकू, भाकरी घेऊन यायच्या, त्यांनाही सूट नव्हती.

आमचं भांडण होतं ते फक्त पूर्वेच्या बाजूचं. तिथे दीड मीटर पुरे असताना आप्पांनी तीन सोडायला लावलं. माझे नऊ नकाशे झाले, पण ती रेघ काही हलली नाही. घर अरुंद झालं आणि काकूंचं देवघर कपाटाएवढं उरलं. देवांनाही आता उभंच राहावं लागणार, असं काकू मला ऐकवायच्या, जसं काही ते मीच ठरवलं होतं.

पूर्वेचा प्लॉट आप्पांच्या धाकट्या भावाचा, तात्यांचा. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. तेव्हा रजेवर आलेल्या आप्पांनी स्वतः ट्रॅक्टरवर बसून नांगरट केली आणि भावाच्या बाजूचा बांध कोरला. तात्यांनी विचारलं, तर चार माणसांत त्यांनाच खोटं पाडलं. पुढे सरकारी मोजणी झाली आणि चूक आप्पांची निघाली. जमीन त्यांनी त्याच दिवशी सोडली, पण ‘चुकलं’ म्हणणं काही जमलं नाही. टेप तेव्हापासून खिशात आहे. काकूंकडून हे कळलं तेव्हा, इतके दिवस त्यांची नक्कल करून लोकांना हसवल्याची मला लाज वाटली.

पाया खोदायच्या दिवशी तात्या आले. काकू स्वतः जाऊन बोलावून आल्या होत्या. हद्दीच्या दगडापाशी, आपल्याच बाजूला, ते हाताची घडी घालून उभे राहिले. पूजेचा नारळ फोडायचा तसाच राहिला. आप्पांनी टेप काढला. या वेळी मात्र टोक स्वतःकडे ठेवलं आणि टेपची डबी भावाच्या हातात दिली. आकडा वाचायचा मान त्यांनी आजवर कुणालाच दिला नव्हता.

"वाच तू," म्हणाले, आणि फक्कीच्या रेघेवर टोक दाबून खाली बसले.

तात्यांनी दगडापाशी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "तीन मीटर. दीडच लागतंय न्हवं?"

"नियमानं दीड," आप्पा मान खाली घालूनच म्हणाले. "वरचं दीड माझं चुकलेलं."

तात्यांनी डबी दगडावर ठेवली. मग म्हणाले, "भिंत घे इकडं, दादा. वहिनीचं देवघर लय बारकं झालंय."

आप्पा उठले आणि तरातरा हॉलकडे निघाले.

"आवं, भिंतीतनं गेलासा," काकू म्हणाल्या.

ते थांबले नाहीत. हॉलमधली ती एकुलती एक खुर्ची उचलून त्यांनी भावासाठी आणली, आणि येतानाही भिंतीतूनच आले.