तात्यांचं कच्चं पाणी

तात्या सोमण कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी बाथरूम कुठे आहे ते विचारतात. जायचं म्हणून नव्हे, पाणी बघायला! स्वेटरची बाही वर करून नळाखाली कोपर धरतात आणि बाहेर येऊन निकाल देतात, "पाणी कच्चं आहे." म्हणजे नीट तापलेलं नाही. मी इंग्लंडातल्या मेडनहेडला नुकतीच आले होते, खोकीसुद्धा उघडली नव्हती, तेव्हा शेजारच्या घरातून येऊन या गृहस्थांनी माझ्या बाथरूमचा असा उद्धार केला. इतका राग आला होता म्हणून सांगू!

तात्या रत्नागिरीकडचे. त्यांच्या गावाजवळ म्हणे गरम पाण्याचं कुंड आहे, तांदळाची पुरचुंडी बांधून सोडली की भात तयार. अशा पाण्यात वाढलेला हा माणूस तरुणपणी स्लाऊच्या फॅक्टरीत आला आणि इंग्लंडच्या नळांशी भांडण्यात म्हातारा झाला. इथे बेसिनला नळ दोन. एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ. "अख्खं जग फिरले लेकाचे, पण दोन नळ जवळ आणता नाही आले!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, देवच जाणे. शॉवरला ते 'शिंतोडे' म्हणतात. टबात बादली ठेवून तांब्याने अंघोळ करतात, आणि तो खणखणाट भिंतीतून आमच्याकडे येतो.

मग एका हिवाळ्यात तात्यांच्या बायकोला, वत्सलाकाकूंना, स्ट्रोक आला. जीव वाचला, बोलणंही राहिलं, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. फिजिओ झाली, मालिश झालं. काही उपयोग नाही. आयुष्यभर तात्यांना आयतं ताट देणाऱ्या काकूंना आता तात्या भरवायचे. "मी आता नुसती ठेवलेली वस्तू गं," असं म्हणून त्या खिडकीशी बसायच्या. बाहेर मेडनहेडचा पाऊस. मला तर त्यांच्याकडे जायचंच जिवावर येई.

तात्यांच्या मते औषध एकच होतं, जमिनीतून येणारं गरम पाणी. पण असा हात घेऊन काकू गावाला जायला तयार होईनात. गावच्या माणसांसमोर दुसऱ्याच्या हातून जेवायचं नव्हतं त्यांना. तेवढ्यात आम्ही नवरा-बायको कॅलिफोर्नियाला निघालो. तात्यांनी कुठल्याशा मासिकात तिथल्या वाळवंटातल्या गरम झऱ्यांच्या गावाबद्दल वाचलं होतं. "आम्हीही येतो," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं!

गाव फारच निवांत. चारी बाजूंना उजाड डोंगर, मध्ये ताडाची झाडं, आणि पांढरे झगे घालून कुजबुजत फिरणारी माणसं. सगळीच नुकती झोपेतून उठल्यासारखी. त्यांच्यात आमचे तात्या खणखणीत आवाजात, "अगं मीरा, माझी पुरचुंडी कुठाय?"

घरून रुमालात बासमती बांधून आणला होता. परीक्षा घेतल्याशिवाय काकूंचा हात कसा घालायचा पाण्यात? सुतळीने पुरचुंडी हॉटेलच्या गरम झऱ्याच्या तलावात सोडली आणि काठावर मांडी घालून बसले. पाण्यातली मंडळी टकामका बघायला लागली. शेवटी व्हायचं तेच झालं. गाठ सुटली आणि तांदूळ तलावभर पसरले. हॉटेलातली मुलगी धावत आली.

"सर, इज दॅट फूड?"

"नो फूड! टेस्ट!" तात्या गरजले.

तलाव रिकामा करावा लागला. माझा नवरा माफी मागून मागून दमला. तात्यांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी रुमालात उरलेला एक दाणा दाताखाली धरला, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "पाणी कच्चं आहे गं," ते हळूच म्हणाले. "एवढ्या लांब फरफटत आणलं हिला." त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकूच म्हणाल्या, "मला बसायचंय पाण्यात." तात्या त्यांना धरून उतरले. पाण्याखाली त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसले. मी काठावर पाय सोडून बसले होते. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "अहो, अंगठा हलला वाटतं. जरा मोकळं वाटतंय."

काय ओरडले तात्या! झगेवाल्यांना सांगितलं, कालच्या त्या मुलीला सांगितलं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काकू हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदा.

पण पाणी नितळ होतं. अंगठा हलला नव्हता. मी स्वतः बघत होते.

घरी परतल्यावर तात्यांनी ती बातमी मेडनहेडभर केली. माझ्याच्याने राहवेना. एका संध्याकाळी ते कचऱ्याचा डबा बाहेर काढत होते, तिथे त्यांना गाठलं. "तात्या, रागावू नका. पण त्या दिवशी काकूंचा अंगठा हलला नव्हता."

"हात माझ्याच हातात होता," तात्या म्हणाले. "मला कळलं नसेल होय?"

"मग एवढा गाजावाजा कशाला केलात?"

"अगं, ती रोज रडते. म्हणते, माझ्या हातून आता तुमचं काहीच होत नाही." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आदल्या दिवशी मी तोंड पाडून बसलो होतो, ते तिला बघवलं नाही. म्हणून माझ्यासाठी खोटं बोलली बिचारी. एवढं केलं तिने, ते मी वाया घालवू?"

आतून काकूंची हाक आली, "अहो, कुणाशी बोलताय?"

"मीराशी! तुझ्या अंगठ्याचं सांगतोय तिला!"

तात्या माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले.

"हो काकू," मी ओरडून म्हटलं, "मी पण पाहिला ना हलताना!"