थंडीला रंग दिसत न्हाई

मिशीला पीळ भरून, पारावर मांडी घालून, चारचौघांत लोकर विणणारा माणूस आमच्या गावात एकच. हवालदार शामराव, म्हणजे आमचे शेजारी नाना. एकदा तर नदीवर दहाव्याच्या विधीलाही ते सुया घेऊन आले. भटजींनी डोळे वटारले, तर म्हणाले, "तुमचं तोंड चालतंय, माझं हात चालत्यात. मग? काय म्हणणं हाय?"

नानांच्या या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, एवढं गावाला कळलेलं आहे.

विणकाम ते फौजेत शिकले. बर्फातल्या चौकीवर बोटं आखडली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ती मोकळी व्हावीत म्हणून हातात सुया दिल्या. बोटं सुटली, सुया सुटल्या नाहीत.

पण विकतची लोकर त्यांना वर्ज्य. "दुकानातली आणून कुणीबी इनंल," म्हणतात. ज्या दारावर लोकरीचं तोरण, त्या घरात उरलेला गुंडा असणारच, हा त्यांचा सिद्धांत. थेट दारात उभे राहून फर्मान सोडतात, "वैनी, माळ्यावरची पिशवी काढा!"

आमच्या हिनं लग्नानंतर सुरू करून सोडून दिलेला गुलाबी स्वेटर त्यांनी तिच्यादेखत उसवला. ही कळवळली, "आवं नाना, पाठ पुरी झाली होती त्याची!"

"पाठ झाली. पोट कवा व्हनार हुतं?"

विट्याजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. माळावर खोप्या पडतात. पहाटे आया फडात निघाल्या, की मागं पोरं कुडकुडत चालतात. ही सगळी उसवाउसव त्या पोरांच्या कानटोप्या आणि स्वेटरांसाठी. एक बाही पिवळी, दुसरी जांभळी, पाठीवर आमच्या घरचा गुलाबी.

"रंग तरी जुळवा की," ही म्हणाली.

"थंडीला रंग दिसत न्हाई, वैनी."

यंदा तरुण मंडळाला नानांचा अभिमान वाटू लागला. फ्लेक्स छापून पारावर लागला. त्यावर नानांचा फोटो आणि खाली 'लोकरसम्राट'. रविवारी पाहुण्यांच्या हस्ते वाटप, पोरांना रांगेत उभं करून फोटो, असा बेत ठरला. नाना पारावरून उठले.

"पोरांस्नी थंडी आज वाजतीया, आन् तुमचा पावना येनार ऐतवारी?"

"नाना, गावाचं नाव हुईल," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला.

"टोपी डोस्क्याला हाय रं, फोटूला न्हाई!"

त्याच संध्याकाळी नानांनी पोतं खांद्यावर टाकलं आणि माळावर जाऊन सगळं वाटून टाकलं. पारावरचा फ्लेक्सही सोडून नेला आणि एका खोपीच्या पाचटाच्या छपरावर अंथरला, फोटो खाली करून. रविवारी पाहुणे आले, चहा पिऊन गेले. अध्यक्ष अजून नानांशी बोलत नाही.

"मग? काय म्हणणं हाय त्येचं?" नाना मलाच विचारतात.

वाटप संपलं, तरी नाना रोज दिवस कलला की शिंप्याची टेप गळ्यात घालून माळाकडं निघायचे. कुठं म्हटलं तर, "मापं घ्यायची हायत." काकू गेल्यापासून त्यांचं घर सुनंच असतं. मुलगा सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानापायी तमिळनाडूत. फोन करतो, पण तोही दुकान बंद झाल्यावर.

परवा हिनं आणखी दोन गुंडे शोधून दिले, ते द्यायला मी माळावर गेलो. नाना एका खोपीपुढं चुलीजवळ बसले होते. कानटोपी घातलेली एक चिमुरडी त्यांच्या मांडीवर, आणि तिच्या टोपीवरूनच ते टेप लावत होते. बाकीची पोरं "आता माझं! आता माझं!" म्हणून अंगावर रेलत होती. मला पाहून नाना जरा चपापले, मग गुरकावले, "बघतूस काय? बस की!"

बसलो. भाकरी थापणाऱ्या बाईला मी हळूच विचारलं, "मापं अजून व्हायचीच आहेत का?"

तिनं नानांकडं पाहिलं. मग परातीतलं पीठ सारखं करत हलक्या आवाजात म्हणाली, "कवाच झाली, दादा. लेकराचं डोकं काय रोज वाढतंय? पर बाबा रोज येतेत, तर आमी बी रोज मापं देतो."

आणि तिनं नानांच्या वाट्याची भाकरी तव्यावर टाकली.