पाठीवर बसणारं कोणीतरी

जिना चढू लागलं, की शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पाठीवर कोणीतरी येऊन बसे. मानेवरून गार घाम ओघळे, जबडा आतून आवळला जाई. वर पोचून टेकल्या, की ते उतरून जाई. छातीत मात्र टाचणीएवढंही दुखत नसे, त्यामुळे हे आजारपण असेल असं काकूंच्या मनातही आलं नाही. मधुमेह होता, पण तो इतका जुना, की घरातलाच झाला होता.

"तुमच्या आई आहेत," त्यांनी काकांना सांगितलं. सासूबाई वर्षापूर्वी गेल्या होत्या.

"आई? गुडघ्यांमुळे ती कधी जिना चढली नाही. आता कशाला चढेल?"

"म्हणूनच माझ्या पाठीवर बसतात!"

हे काकांना पटलं. वरच्या खोलीतलं शिलाई मशीनच खाली आणायचं ठरलं. ते उचलून काका चार पायऱ्या उतरले आणि छाती धरून ओरडले, "आई गं!"

"बघा, तुम्हालाही धरलं!"

दवाखान्यात काकांना स्ट्रेचरवर घातलं. मागून पिशवी घेऊन काकू पायऱ्या चढल्या, आणि पाठीवर ओळखीचं ओझं येऊन बसलं. काकूंच्या अंगावर काटा आला. या इथवर आल्या?

"यांचा नुसता स्नायू लचकलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर काकूंवर गेली. "तुम्हाला एवढा घाम?"

"सासूबाई बसल्यात."

"शुगर आहे?"

काकांच्या छातीवरच्या ईसीजीच्या तारा काकूंना लागल्या. कागदाची पट्टी सरकत राहिली, आणि बाईंनी ती फाडून दोनदा वाचली.

"मधुमेहात नसा बोथट होतात. त्यात बायकांचं हृदय बरेचदा छातीऐवजी पाठीतून, जबड्यातून, धापेतून बोलतं," बाई हळूच म्हणाल्या. "एक झटका येऊन गेलाय तुम्हाला. दुसरा दारात उभा आहे."

काका स्ट्रेचरवरून उतरले, काकू चढल्या. गादी अजून कोमट होती.

बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. तिसऱ्या दिवशी नणंद भेटायला आली. सगळं ऐकून खो खो हसली, मग दाराकडे बघत खुर्ची जवळ ओढून कुजबुजली, "वहिनी, कोणाला सांगू नका. आई हल्ली माझ्याकडेपण येते. केर काढताना."

"वन्सं, तुम्हाला साखर आहे ना?"

"आहे थोडीशी."

काकूंनी सलाइनच्या हातानं घंटी दाबली, आणि नर्स धावत येईपर्यंत सोडलीच नाही.

"काय होतंय काकू?"

"मला काही नाही. आधी यांना तारा लावा."